किल्टच्या आत काय घालायचं

चहा घ्या आधी, मग सांगतो. आणि हसू आलं तर खुशाल हसा, घोट तोंडात असताना दाबून धरू नका. माझं काही म्हणणं नाही. अर्धं हॅमिल्टन हसून झालंय, त्यात तुम्ही चार जण.

आता मला सांगा, माझ्याकडे बघून वाटतं का तुम्हाला, की या माणसाच्या हातून भररस्त्यात, बँड वाजत असताना काही घडेल? दिवसभर घरात लॅपटॉपसमोर बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस मी. रात्रीचं जेवण झालं की सोफ्यावरच डोळा लागतो. मिरवायची हौस होती ती नागपुरात संपली.

या सगळ्याच्या मुळाशी आहे थकवा. पहाटे उठून पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग. वंदनाची, म्हणजे आमच्या हिची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, तिच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. आमची रिया अकरावीत. ती आमच्याशी इंग्लिशमध्ये बोलते, तेही अगदी नाइलाज झाला तर. त्यात ग्रोसरी आणा, स्नो शोव्हल करा, गाडीला विंटर टायर्स लावून आणा. अशा दमलेल्या माणसाला एक गोष्ट जमत नाही. नाही म्हणणं. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, समोरचा समजूत घालतो, मग आपण पुन्हा बोलायचं. हो म्हटलं की विषय संपतो. निदान तेवढ्यापुरता.

केनला मी असाच हो म्हणालो.

केन आमचा शेजारी. सत्तरी ओलांडलेला, स्कूल बस चालवून रिटायर झालेला, मोठ्या पोटाचा, मोठ्या हसण्याचा. त्याचे पणजोबा स्कॉटलंडहून आलेले, त्यामुळे केन गावातल्या बॅगपाइप बँडमध्ये होता. ती काखेत पिशवी दाबून फुंकायची बॅगपाइप नव्हे, तो मागचा मोठा ढोल वाजवायचा. आमच्या मंडळींनी चौदा एप्रिलच्या जयंतीला कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये छोटीशी मिरवणूक काढली होती, तेव्हा केनला मीच जेवायला बोलावलं होतं. तिथे मी ढोल वाजवला. नागपुरात पोरसवदा वयात वाजवायचो, हात अजून विसरले नाहीत. केन प्लेट हातात धरून, जेवायचं सोडून, माझ्या हातांकडे बघत बसला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हिवाळा तोंडावर आला आणि केनच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात झोळीत बांधून तो आमच्या दारात आला.

"सुधीर," तो म्हणाला, "डिसेंबरात ख्रिसमसची परेड आहे. माझ्या आठवणीत बँडने ती एकदाही चुकवलेली नाही. पण ढोल नसेल तर बँड रस्त्यावर उतरू शकत नाही. तू वाजवशील का?"

मी नुकताच तिसऱ्या मीटिंगमधून उठलो होतो. "हो," म्हणालो.

"माझाच किल्ट घाल."

"हो."

दार लावलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की आपण दुसऱ्यांदा कशाला हो म्हणालो.

किल्ट म्हणजे तुम्ही फोटोत बघितलाच असेल. स्कॉटिश पुरुषांचा तो चौकड्यांचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा घागरा. फोटोत रुबाबदार दिसतो. हातात घेतला की वजन कळतं, आणि अंगाला लागला की लोकर कळते. आत अस्तर नाही. आपल्याकडचं जुनं घोंगडं कमरेला गुंडाळून चालून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते मांड्यांना समजेल.

तेव्हा प्रश्न उभा राहिला, की याच्या आत घालायचं काय?

मी इंटरनेटवर शोधलं. तिथे जो तो छाती ठोकून सांगत होता, की खरा स्कॉटिश माणूस आत काहीही घालत नाही. मी स्क्रीन वंदनाकडे वळवली. तिने वाचलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही स्कॉटिश नाही. तुम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे आहा."

रिया फ्रिज उघडून उभी होती. तिने पाठ न वळवता सांगितलं, "बाबा, अॅब्सोल्यूटली नॉट. माय फ्रेंड्स आर गोइंग टु बी देअर."

तिच्या मैत्रिणी परेडच्या रस्त्यावर लहान मुलांना कँडी वाटणार होत्या. म्हणजे विषय आता अब्रूचा झाला.

केनला विचारून पाहिलं. त्याने एक डोळा मिटला आणि म्हणाला, "दॅट्स अ सीक्रेट, माय फ्रेंड." मग स्वतःच इतका हसला की खांदा दुखायला लागला, आणि त्याची बायको माझ्याकडे रागाने बघायला लागली. पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

मग एका रविवारी घरीच ट्रायल घेतली. टेस्टिंगचा धंदाच आहे माझा. वंदना सोफ्यावर बसून प्रेक्षक झाली, मी बेडरूममधून एकेक प्रकार घालून येत होतो.

पहिली माझी आवडती, पट्ट्यापट्ट्यांची, नाडीवाली सुती चड्डी. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली. इतकी हवेशीर, इतकी मऊ, की तिच्यावरून मी इथल्या सगळ्या ब्रँडच्या चड्ड्या ओवाळून टाकीन. उभा राहिलो तोवर ठीक होतं. खाली बसलो तर वंदनाने मान फिरवली.

"दिसून राहिली," ती म्हणाली.

"किती?"

"नाडीसकट."

दुसरी सायकलवाल्यांची घट्ट शॉर्ट. रियाची भविष्यवाणी, की ही बेस्ट. ती चढवायला मला इतका वेळ लागला की वंदना दरम्यान कुकर लावून आली. शिवाय तिला मागे गादी असते. किल्ट मागून असा उचलला गेला, जणू मी आत उशी लपवलीये. तिसरे थर्मल. उबदार, मऊ, नवेकोरे, पण घोट्यापर्यंत. आणि किल्टचा नियम असा, की मोजे गुडघ्याच्या खाली संपले पाहिजेत, किल्ट गुडघ्यावर संपला पाहिजे, मधला गुडघा उघडा.

"हे कापू या का अर्ध्यातून?" मी विचारलं.

"नवीन थर्मल कापता? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी तिथेच खुर्चीत बसलो. थर्मल, वर किल्ट, वर घरातला बनियन. दमलो होतो हो मी. रविवारी दुपारी माणसानं वरणभात खाऊन झोपावं, तर मी चड्ड्या बदलत होतो.

"त्या बँडच्या बाईला विचारा ना सरळ," वंदना म्हणाली. "ती घालते नं किल्ट? मग झालं तर."

ती बाई म्हणजे फिओना. बँडची प्रमुख. दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे आवाज शांत आणि नजर थेट तुमच्या तोंडात. बँडची प्रॅक्टिस चर्चच्या बेसमेंटमध्ये असायची. पहिल्याच दिवशी तिने मला ढोलाजवळ उभं करून समजावलं होतं, "हे बघ सुधीर, पायपर्स पुढे चालतात. ते तुला बघत नाहीत, फक्त ऐकतात. तुझ्या ठोक्यावर त्यांचा पाय पडतो. तू जोरात गेलास तर सगळे जोरात. तू रेंगाळलास तर सगळे रेंगाळले. सो, नो सरप्रायझेस." मी मान हलवली होती. तसा मी सरप्रायझेस देणारा माणूस नाहीच.

परेडच्या आधीच्या शेवटच्या प्रॅक्टिसला मी धीर केला. बाकीचे कॉफी घेत होते. फिओना एकटी बॅगपाइपची पिशवी पुसत होती.

"फिओना, एक विचारायचं होतं," मी आवाज खाली आणला. "व्हॉट डू पीपल वेअर... इनसाइड?"

आता तुम्हीच सांगा, एखाद्या बाईला याहून स्पष्ट काय विचारायचं? आपण 'आत काय घालतात' म्हणतो, त्याचं मी सरळ इंग्लिश केलं. 'अंडरवेअर' हा शब्द काही चर्चमध्ये माझ्या तोंडातून निघेना.

"इनसाइड?" तिने आजूबाजूला बघितलं. "ओह, एनीथिंग कम्फर्टेबल. मी तर जीन्सच घालते."

"जीन्स?"

"हो. बरेच जण जीन्स. केन त्याची ती जुनी ग्रे ट्रॅक पँट घालायचा. आतून मऊ असते ना, ती."

"आणि आउटसाइड?"

"आउटसाइड किल्ट. ऑलवेज," ती ठामपणे म्हणाली. "आणि गुडघे दिसलेच पाहिजेत. तिथे मी कोणाचं ऐकत नाही."

मी विचारात पडलो. आत जीन्स, बाहेर किल्ट, आणि गुडघे उघडे. हे गणित सुटायचं कसं?

"मग पँट वर रोल करायची?"

त्या बेसमेंटमध्ये हीटिंग इतकं असतं की पापड वाळतील. फिओनाने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "खूप गरम व्हायला लागलं तर कर ना रोल. कितीतरी जण करतात."

झालं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतके दिवस मी उगाच डोकं शिणवत होतो. या देशात पाय ठेवल्यापासून विंटर आला की जो तो एकच सांगतो, लेअर्स घाला, लेअर्स. तसाच हाही एक लेअर. केनला मी उन्हाळ्यात किल्टमध्ये पाहिलं होतं, पण त्याच्या किल्टच्या आत काय गुंडाळलंय हे कशाला निरखून बघतोय मी? पोटाच्या मानाने त्याची मांडी जाडच वाटली असणार.

घरी येऊन सांगितलं. वंदनाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "जीन्सवर किल्ट. या लोकांचं काही सांगता येत नाही बापा."

"बाबा, दॅट मेक्स नो सेन्स," रिया म्हणाली.

"मी प्रमुखालाच विचारलंय."

"ओके. बट प्लीज डोन्ट बी वीअर्ड."

परेडच्या दिवशी सकाळी अशी थंडी होती की खिडकीतून बघूनच नाकाला झोंबत होती. माझ्याकडे आतून मऊ लव असलेली ग्रे ट्रॅक पँट होतीच. वंदनाने ती नीट घड्या घालत मांडीपर्यंत वर चढवली, आणि घसरू नये म्हणून दोन्ही पायांना रियाचे जाड इलॅस्टिकचे हेअरबँड चढवले. वर किल्ट. आरशात पाहिलं तर कमरेखाली मी एकदम पैलवान. किल्ट चौफेर फुललेला. पाय जवळ आणता येईनात, बदकासारखं चालावं लागत होतं. पण काय ऊब होती. लोकर कुठेही लागत नव्हती. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं, की जमेल आपल्याला हे.

परेड जिथून निघणार होती तिथे सगळे लांब कोट घालून उभे होते. कोट उतरवले तेव्हा मी बाकीच्यांच्या मांड्यांकडे एक नजर टाकली. सगळे कसे सडसडीत. मनात म्हटलं, वर्षानुवर्षांची सवय, घड्या बारीक घालत असतील. मग ढोल माझ्या छातीवर चढवला गेला आणि तिथून पुढे माझा माझ्या पायांशी संबंध संपला. तुम्ही कधी तो ढोल बघितलाय का? आपला ढोल कमरेवर तिरका असतो, खाली दिसतं. हा उभा, छातीवर, बैलगाडीच्या चाकाएवढा. हनुवटीखालचं काही म्हणजे काही दिसत नाही. आणि दोन्ही हातांत दोन गोळेवाल्या काठ्या.

आमच्या पुढे एका डान्स स्कूलच्या चिमुरड्या मुली होत्या, स्नोफ्लेकचे पांढरे झगे घातलेल्या. मागे फायर ट्रक, त्याच्या टपावर बसलेले फायरमन हात हलवत होते. फिओनाने इशारा केला, मी ठोका दिला, आणि बँड निघाला.

पहिला चौक मस्त गेला. खरंच सांगतो. बॅगपाइपचा तो आवाज पुढून येतो, आपण मागून ठोका देतो आणि ती सगळी माणसं आपल्या ठोक्यावर पाऊल टाकतात, तेव्हा थकवाबिकवा काही आठवत नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, सुधीरभाऊ, कुठून कुठे आलात.

दुसऱ्या चौकाच्या आधी डाव्या मांडीवर काहीतरी 'टप' झालं.

हेअरबँड सुटला होता. पाठोपाठ एक घडी खाली आली. फार नाही, बोटभर. मी काय केलं असेल? तुम्ही जे कराल तेच. मांड्या आवळल्या. आता मांड्या आवळून लांब ढांगा टाकता येत नाहीत. पावलं छोटी झाली. छोटी पावलं पटापट पडतात. आणि ठोका तर पावलाबरोबर द्यायचा असतो.

बँडने वेग घेतला.

ते सैनिकांचं संथ, डौलदार गाणं होतं. ते हळूहळू लग्नाच्या वरातीत शिरल्यासारखं व्हायला लागलं. पायपर्स फुगलेल्या गालांनी धापा टाकत होते, माझ्या शेजारचे छोटे ढोल वाजवणारे माझ्याकडे तिरके बघत होते. फिओनाने चालता चालता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दातात कीड दिसल्यावर बघतात तसं.

मी सावरायचा प्रयत्न केला, पण मांडी जरा सैल सोडली की अजून एक घडी खाली. पुन्हा आवळायचं. पुन्हा वेग. आम्ही पुढच्या स्नोफ्लेक मुलींना जवळजवळ गाठलं. त्या बिचाऱ्या गिरक्या घेत होत्या, मागून अख्खा बँड अंगावर येतोय म्हटल्यावर त्यांनी गिरक्या सोडल्या आणि पळायलाच लागल्या. त्यांची टीचर आमच्याकडे बघून दोन्ही हात हलवत होती. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या वाढल्या.

शेवटी मी घाबरून वेग आवरायचा म्हणून एक मोठं पाऊल टाकलं. तेवढं पुरलं. डावी ट्रॅक पँट सरळ बुटापर्यंत आली.

मला दिसत काही नव्हतं. फक्त कळलं. नडगीवर मोज्यावरून मऊ लव सरकत जाते ना, तसं. आणि उजव्या बाजूला आईच्या खांद्यावर बसलेला एक छोटा जीव स्वच्छ आवाजात म्हणाला, "मॉमी, ही हॅज पँट्स. ऑन वन लेग."

आता उरला उजवा पाय. तो तरी वाचवावा म्हणून मी अगदी हळू, अलगद, काचेवर चालल्यासारखी पावलं टाकायला लागलो. बँड अचानक अंत्ययात्रेच्या चालीवर आला. बॅगपाइपचे सूर लांबले, ओढले गेले, रडायला लागले. मागून फायर ट्रक आमच्या टाचांपर्यंत आला आणि त्याने भोंगा दिला. त्या भोंग्याने मी दचकलो. दचकल्यावर उजवा हेअरबँडही गेला.

नेमकी तीच जागा होती जिथे केन बसला होता. फुटपाथवर फोल्डिंगची खुर्ची, गुडघ्यांवर ब्लँकेट, हात झोळीत. ढोलाच्या कडेवरून मला त्याचा चेहरा तेवढा दिसला. सगळ्या रस्त्यात मला कोणाची भीती होती तर त्याची. त्याचा ढोल, त्याचा किल्ट, त्याची इतक्या वर्षांची जागा, आणि मी त्याचा हा असा कारभार केला. केनने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग तोंड वाकडं करून, चांगला हात वर करून, नुसता हवेत ठोका दाखवायला लागला. एक, दोन. एक, दोन. वाजव, म्हणत होता. बाकीचं सोड.

आणि काय सांगू, दोन्ही पाय खाली आल्यावर मला एकदम मोकळं वाटलं. आवळायला काही उरलंच नाही. मी केनच्या हाताकडे बघून ठोका धरला, पावलं आपोआप बरोबर पडायला लागली, बँड ताळ्यावर आला. उरलेली परेड मी वाजवली ती अगदी घोटून. खाली ट्रॅक पँट, वर किल्ट. वंदना नंतर म्हणाली, "सलवार-कमीज घालून ढोल वाजवत होते तुम्ही. रंग तेवढा जुळत नव्हता."

रियाला मी शेवटच्या वळणावर पाहिलं. मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होती. तिने मला पाहिलं, आणि कँडीच्या बादलीत काहीतरी फार महत्त्वाचं हरवल्यासारखी खाली वाकली. बँड पुढे जाईपर्यंत ती वर आली नाही.

परेड संपली. एका मोठ्या पार्किंग लॉटमध्ये ढोल उतरवला आणि मी पहिल्यांदा खाली बघितलं. दृश्य माझ्या कल्पनेपेक्षा वाईट होतं. सगळा बँड भोवती जमला. फिओना पुढे आली.

"सुधीर," ती त्या दवाखान्यातल्या शांत आवाजात म्हणाली, "तू किल्टच्या आत ट्रॅक पँट का घातलीस?"

"तूच सांगितलंस."

"मी?"

"इनसाइड जीन्स, म्हणालीस. केनची ट्रॅक पँट, म्हणालीस. रोल करतात, म्हणालीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"इनसाइड द हॉल," ती बोटांआडून म्हणाली. "सुधीर, मला वाटलं तू प्रॅक्टिसचं विचारतोयस. हॉलच्या आत. बेसमेंटमध्ये."

मी ढोलावर बसणार होतो, तेवढ्यात दोघा-तिघांनी धरलं. ढोलाला, मला नव्हे.

"मग किल्टच्या आत काय घालतात?" मी विचारलं. आता लाज राहिलीच कुठे होती?

"अंडरवेअर," फिओना म्हणाली. "साधी. रोजची."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा पायपर तेवढा लांबच्या झाडाकडे बघत राहिला. त्याला कोणी विचारलं नाही.

रोजची. म्हणजे कपाटाच्या खालच्या खणात जी असते ती. मी त्या दिवशी ट्रॅक पँटच्या आत घातलेलीच होती की ती. फक्त वरची पँट घातली नसती तर मी बरोबर होतो. म्हणजे मी बरोबर उत्तर आत ठेवून वरून चूक घातली होती.

घरी येताना गाडी मी चालवली. रिया मागच्या सीटवर फोन बघत होती. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "माय फ्रेंड्स थिंक यू डिड इट ऑन पर्पज."

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड येस."

मी म्हटलं, थँक यू. वंदना खिडकीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

पुढच्या आठवड्यात किल्ट ड्रायक्लीन करून परत द्यायला केनकडे गेलो. माफी मागायची होती, ढोल सोडतो म्हणायचं होतं. सगळं मनात जुळवून गेलो होतो. केनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, हा खांदा आता ढोल उचलायचा नाही. किल्ट तुझ्याकडेच ठेव."

मी दमलेलो होतो. हो म्हणालो.

तेव्हापासून वाजवतोय. आतून साधी सुती चड्डी घालतो, मांडीला लोकर लागू नये म्हणून वंदनाने किल्टला आतून मऊ कापडाची पट्टी लावून दिलीये. कसला त्रास नाही. उन्हाळ्यात दोन लग्नांत वाजवलं, एकदा एका म्हाताऱ्या सैनिकाच्या वाढदिवसाला. एकदाही ठोका चुकला नाही.

पण बँडमध्ये आता तीन स्पीड झालेत. स्लो, नॉर्मल आणि फुल सुधीर. परवा प्रॅक्टिसला एक नवीन पायपर आली. तिने गंभीरपणे वही काढली आणि फिओनाला विचारलं, की फुल सुधीर म्हणजे नेमकं किती फास्ट.

मी तिथेच, ढोलामागे उभा होतो. फिओनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते आकड्यात नाही सांगता येत," ती म्हणाली. "असं समज, की तू भररस्त्यात आहेस, दोन्ही हात अडकलेत, आणि आपलं काहीतरी सुटतंय हे फक्त तुलाच कळलंय. त्या वेळी तू ज्या स्पीडने चालशील, तो."